बाहेरून कुलूप

१

दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि ते काढून दार ढकललं तर आत मुलगी मरून पडली होती. विद्यापीठाच्या हॉस्टेलच्या चौथ्या मजल्यावर एवढी एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. बाकीच्या गोष्टींत जो तो आपापल्या परीनं भर घालत होता.

इन्स्पेक्टरबाई दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं पोचल्या तेव्हा प्रकरण जवळजवळ मिटल्यात जमा होतं. साहेबांनी फोनवर तसं सांगितलंच होतं. "रूममेटच्या पिशवीत कुलपाच्या दोन्ही किल्ल्या मिळाल्यात. दोघींचं भांडण होतं, अख्खा मजला सांगतोय. संध्याकाळी पोरीला कोर्टापुढं उभी करू. तुम्ही फक्त सगळं नीट जुळवून घ्या."

'फक्त' हा शब्द बाईंना आवडत नसे. नोकरीत त्यांच्या वाट्याला आलेली सगळी कटकटीची कामं याच शब्दानं सुरू झाली होती.

मेलेल्या मुलीला मजल्यावर 'स्कॉलर' म्हणत. तिला लहानपणापासून दमा होता. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: दुपारच्या सुमारास दम्याचा जोराचा झटका आला, हातातला पंप संपला, दार उघडेना, आणि पोरगी गुदमरून गेली. म्हणजे मारलं दम्यानं, पण दार उघडं असतं तर ती वाचली असती. कुलूप लावणाऱ्याच्या माथी तिचा जीव होता, यात शंका नव्हती.

खाली रेक्टरबाईंच्या ऑफिसात स्कॉलरची आई बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"त्या घुमीला सोडू नका, मॅडम," ती म्हणाली. "माझी मुलगी सुट्टीत घरी आली की सांगायची, तिनं माझं नुकसान केलं म्हणून. मीच म्हटलं, जाऊ दे, एका खोलीत राहायचंय, मिटवून टाक. मिटवायला नको होतं मी. खोली बदलायला लावायला हवी होती."

घुमी म्हणजे रूममेट. कमी बोलायची म्हणून घुमी. पकडल्यापासून तर तिनं तोंडच उघडलं नव्हतं.

बाई जिना चढून वर गेल्या. खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांची नजर एका गोष्टीवर थबकली. ती काल पंचनामा करणाऱ्यांनी पाहिली होती, नोंदवली होती आणि सोडून दिली होती. कोपऱ्यात प्लास्टिकची बादली होती, आणि तिच्यावर ताट झाकलेलं होतं.

२

"बाथरूम कुठंय?" बाईंनी विचारलं.

"हे काय, चार दारं सोडून," रेक्टरबाई म्हणाल्या. त्या सकाळपासून सावलीसारख्या मागं लागल्या होत्या. एकेका वाक्याआधी घसा साफ करायची त्यांना खोड होती. "सोयी चांगल्या आहेत आमच्याकडे. चोवीस तास पाणी. लायब्ररी रस्त्यापलीकडं. कॉलेज, दवाखाना, बाजार, सगळं पायाशी. पालक इथं मुली ठेवतात ते उगीच नाही."

पायाशी काय होतं ते खिडकीतून दिसतच होतं. समोरचा रस्ता उभा-आडवा खणून ठेवला होता. ड्रिल मशीनचा आवाज असा चालला होता की दातांत कळ यावी. काल खिडकी बंद होती, तरी टेबलावर, पुस्तकांवर, मेलेल्या मुलीच्या चपलांवर बारीक पांढरी धूळ बसली होती. अशी धूळ दमेकऱ्याचा जीव घेईल नाही तर काय.

"काल दिवसभर हे चालू होतं?"

"सकाळपासून अंधार पडेपर्यंत. मी दोनदा तक्रार केली."

बाईंनी ताट उचललं. बादलीत तळाशी थोडं होतं, ते पाणी नव्हतं. रेक्टरबाईंनी नाकाला पदर लावला.

टेबलावर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. ब्रेड, केळी, बिस्किटांचा पुडा. धडधाकट पाय असलेली मुलगी, चार दारांवर बाथरूम, खाली मेस, आणि खोलीत अशी तयारी. बोटीवर बसून कुठं लांब निघाल्यासारखी. फोन मात्र कुठंच नव्हता. आजकालची पोरगी श्वास विसरेल पण फोन विसरणार नाही.

"तुमच्या मुली स्वतःला कोंडून घेतात का?" बाईंनी विचारलं.

रेक्टरबाईंनी घसा साफ केला. मग पुन्हा केला. "आमच्याकडे असलं काही चालत नाही."

"म्हणजे चालतं."

"दोन वर्षांमागं एक प्रकार झाला होता. परीक्षेच्या वेळी बाहेरून कुलूप लावून घ्यायचं, किल्ली कुणाकडं तरी द्यायची, म्हणजे मैत्रिणी दार वाजवत नाहीत. आपल्यालाही उठून गप्पा मारायला जाता येत नाही. मी नोटीस लावली, कोंडणारी आणि कोंडून घेणारी, दोघींना हॉस्टेलबाहेर काढीन. तेव्हापासून बंद आहे."

"काल दुपारी तुमची फेरी झाली?"

"झाली."

"हे कुलूप पाहिलंत?"

रेक्टरबाईंनी पदर सारखा केला. "पाहिलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मुली लायब्ररीत गेल्या असतील." आणि त्या घसा साफ न करताच खाली निघून गेल्या.

बाई एकट्या उरल्या. खोलीत दोन खाटा होत्या, दोन भिंतींना लागून. डाव्या भिंतीशी स्कॉलरची, उजव्या भिंतीशी घुमीची. कालच्या लोकांनी प्रेत घुमीच्या खाटेवर सापडल्याचं लिहिलं होतं, आणि तिथल्या भिंतीला गिलावा उडालेला. 'झटापटीच्या खुणा' असं त्यांचं मत. बाईंनी खाली वाकून पाहिलं. खुणा बाकदार, एकाखाली एक, चंद्रकोरीसारख्या. खाटेखाली स्टीलचा मग पडला होता, त्याची कड चेपली होती.

कुणाशी झटापट करणारं माणूस भिंतीला मगाचे घाव घालत बसत नाही. स्कॉलर मदतीसाठी ठोकत होती. मग स्वतःची खाट सोडून, मधलं कपाट आणि ट्रंक ओलांडून, श्वास लागलेला असताना ती पलीकडच्या भिंतीशी का गेली होती?

३

डाव्या भिंतीपलीकडच्या मुलीला मजल्यावर 'रेडिओ' म्हणत. कारण विचारायची गरज पडली नाही.

"मॅडम, मी काल दिवसभर खोलीतच होते, उशी भिंतीला टेकवून वाचत होते, वाचत म्हणजे काय, कानात कापूस घालून पुस्तक धरलं होतं. पण भिंतीला काही झालं असतं ना, तर पाठीला कळलं असतं. एक टिचकीसुद्धा नाही. देवाशप्पथ."

बाईंनी तिला बसवलं. प्रत्येक मुलीला त्या आधी एकच प्रश्न विचारत. इथं राहणं कसं वाटतं? त्यात थोडा स्वार्थ होता. त्यांची लेक पुढच्या वर्षी अशाच हॉस्टेलला जायला निघाली होती आणि घरात त्यावरून रोज वादावादी होती.

"मस्त," रेडिओ म्हणाली. "म्हणजे ढेकूण आहेत, मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही, अंघोळीला रांग. पण ताप आला तर उशाशी कुणीतरी असतं. घरी मी एकुलती एक. इथं एकटं म्हणून सोडत नाही कुणी." मग तिचा आवाज चिरकला. "आणि ती, मॅडम, चौदा खोल्यांच्या मध्ये मेली. कुणालाच कळलं नाही."

"कोंडून घेणाऱ्यांना बाहेरून कुलूप कोण लावून देतं तुमच्या मजल्यावर?"

रेडिओ पहिल्यांदाच गप्प झाली. तिनं दाराकडं पाहिलं. "मला काही माहीत नाही," ती म्हणाली, आणि खोटं बोलायची सवय नसल्यानं कानापर्यंत लाल झाली.

उजव्या भिंतीपलीकडं राहत होती ती ताई. शेवटच्या वर्षाची, अख्ख्या मजल्याची ताई. कुणाचं पोट दुखलं तर ओवा नाही तर गोळी, कुणाचं मन दुखलं तर मांडी. नवीन आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात तिच्याच खोलीत रडून घेत. परीक्षा झाली की तिची नोकरी ठरलेली होती. बाईंसाठी तिनं खुर्ची पुसून पुढं केली. डोळे सुजलेले होते.

"मी ऐकलं, मॅडम," तिनं आपणहून सांगितलं. "तिनं भिंत ठोकली. आमच्याकडं भिंत ठोकली की समजायचं, आवाज कमी करा. मी गाणी लावली होती. मी बंद केली. ती मदत मागत होती आणि मी गाणी बंद केली." तिनं तोंड ओंजळीत धरलं.

बाईंनी पोलिसात असं पुष्कळ रडणं पाहिलं होतं. त्यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते त्यांना कळे. हे रडणं शंभर टक्के खरं होतं.

त्या बाहेर आल्या. कॉरिडॉरमध्ये ड्रिलचा आवाज भरून राहिला होता. रेडिओ दारात उभी होती. बाईंनी तिला काहीतरी विचारलं. तिला ऐकू आलं नाही. तिनं कानातला कापूस काढला, तरीही आलं नाही. शेवटी बाई तिच्या कानाशी जाऊन ओरडल्या, "ताई गाणी कुठली ऐकते?"

"ताई?" रेडिओही ओरडली. "ताई कसली गाणी ऐकते! परीक्षा आली की माझी गाणी बंद करायला तीच येते धावत!"

४

चौकीत घुमी बाकावर पाय वर घेऊन बसली होती. एवढीशी पोरगी. बाईंनी चहा मागवला. तिनं कपाला हात लावला नाही.

"तू काल लायब्ररीत होतीस. मला पटतं," बाई म्हणाल्या. "तुझी मैत्रीण स्वतःच कोंडून घेऊन बसली होती, हेही मला माहीत आहे. बादली पाहिली मी. आता सांग, किल्ली कुणाला दिली होती?"

घुमीनं मान हलवली.

"संध्याकाळी तुला कोर्टात नेतील. तुझे वडील रात्रीच्या गाडीनं निघालेत, दुपारपर्यंत पोचतील. त्यांना काय सांगू? मजल्यावरची गोष्ट मजल्यावरच राहावी म्हणून तुमची मुलगी तुरुंगात चाललीय?"

घुमीनं चमकून वर पाहिलं. तिला नेमकं हेच कुणीतरी सांगितलं होतं, हे बाईंनी ओळखलं.

"काल तुला न्यायला आले तेव्हा तुझ्याशी कोण बोललं?"

मग घुमीचा आवाज आला, न वापरल्यानं गंजल्यासारखा. "ताईनं हात धरला. म्हणाली, कोंडायचं बोलू नकोस, सगळ्या मुलींना काढून टाकतील, परीक्षा तोंडावर आहे. तू लायब्ररीत होतीस, तुला काही होणार नाही."

"आणि तू ऐकलंस."

"ताईचं सगळ्याच ऐकतात." ती थांबली. "आणि मला खरंच माहीत नव्हतं किल्ली कुणाकडं आहे. माझ्याशी ती बोलतच नव्हती. मागच्या परीक्षेला किल्ली माझ्याकडं होती."

"मग?"

"मी उघडलं." घुमीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती हुंदका न देता बोलत राहिली. "ती आधी सांगते, संध्याकाळपर्यंत उघडू नकोस. मग तासाभरात भिंत ठोकते, दार ठोकते, उघड म्हणते. मला राहवेना. मी उघडलं. ती बाहेर आली, गच्चीवर जाऊन बसली, दिवस गेला. पेपर वाईट गेला. पहिला नंबर गेला. म्हणाली, तुझ्यामुळं. तू मऊ आहेस म्हणून. तुझ्याकडं परत किल्ली देणार नाही, जी उघडणार नाही तिच्याकडं देईन."

बाईंनी कप खाली ठेवला. भिंतीवरच्या त्या चंद्रकोरी त्यांच्या डोळ्यांपुढं आल्या. ताईनं ठोकणं ऐकलं होतं. ते कशाचं आहे हेही तिला ठाऊक होतं.

५

"तुझी गाणी मला ऐकव," बाई म्हणाल्या.

ताई खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. बाहेर मशीन सुरूच होतं.

"ऐकव ना. काल लावली होतीस ती. या आवाजात तुझं गाणं तुला तरी ऐकू येतं का, बघू. आणि पलीकडच्या मुलीला त्याचा त्रास कसा होतो, तेही बघू. डोक्यात मशीन चालू असताना कुणी शेजारच्या गाण्याची तक्रार करत नाही, ताई."

ताईनं भिंतीकडं पाहिलं.

"गुदमरणारं माणूस जवळची भिंत ठोकतं. तिच्या खाटेशी रेडिओची भिंत होती. दार होतं. ते सोडून ती ट्रंकेवरून चढून तुझ्या भिंतीशी गेली. का? कारण किल्ली या भिंतीपलीकडं आहे, हे तिला माहीत होतं. दार उघडू शकणारं माणूस एकच होतं." बाईंचा आवाज चढला नव्हता. "गाणी तू नंतर शोधून काढलीस. ठोकणं कुणी ऐकलं असेल तर त्याला कारण हवं म्हणून. आणि घुमीनं संध्याकाळी आपल्या किल्लीनं दार उघडून किंकाळी फोडली, पिशवी तिथंच टाकली, तुम्ही सगळ्या धावलात. त्या गर्दीत तुझ्या मुठीत कुलपाची दुसरी किल्ली होती. फोन कुठं आहे?"

ताईनं गादीची खोळ उसवून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. तो बंद होता.

"तिनंच बंद करायला सांगितला होता," ती म्हणाली. "माझ्याकडनं शपथ घेतली, मॅडम. म्हणाली, मी ठोकीन, रडीन, काहीही सांगीन, मेले तरी संध्याकाळच्या चहापर्यंत उघडू नकोस. हसत म्हणाली. मी अर्ध्या मजल्याला कोंडलंय असं. सगळ्याच ठोकतात. कंटाळा येतो, भूक लागते, रडू येतं. उघडलं तर नंतर शिव्या देतात, नाही उघडलं तर निकालानंतर गळ्यात पडतात."

"तिला दमा होता."

"पंप आतच होता ना तिच्याकडं. मला वाटलं..." ती खाटेवर बसली. "जोरजोरात ठोकत होती. मी भिंतीला हात लावून बसले होते. मनात म्हणत होते, थोडं सहन कर, थोडं सहन कर. मग थांबलं." ताईनं बाईंकडं पाहिलं. "थांबलं तेव्हा मला बरं वाटलं, मॅडम. म्हटलं, चला, लागली अभ्यासाला."

बाईंना या पोरीचा संताप आला आणि दयाही आली. कुठली आधी आली ते त्यांना सांगता आलं नसतं. इतक्या जणींची आई होणं या वयात कुणाला झेपतं? पण किल्ली तिनं घुमीच्या पिशवीत टाकली होती. ते करताना कुणी शपथ घातली नव्हती.

"त्या भिंतीचं काय ते कोर्ट बघेल," त्या म्हणाल्या. "पण रात्रभर ती पोर चौकीच्या बाकावर बसली होती, आणि तू इथं बसून मुलींचे डोळे पुसत होतीस. चल."

कॉरिडॉरमध्ये मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कुणी 'ताई' म्हणून हाक मारली नाही. रेडिओनं मात्र आत जाऊन दार लावून घेतलं.

६

साहेबांनी फोनवर कुरकुर केली, पण घुमीला सोडलं. तिचे वडील अजून वाटेतच होते. कपडे घ्यायला म्हणून बाईंनी तिला हॉस्टेलवर आणलं. घुमीला वर जायचं नव्हतं. ती खालच्या बाकावर बसून राहिली.

रेक्टरबाईंच्या ऑफिसातून स्कॉलरची आई बाहेर आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं होतं, एकही शब्द न गाळता. शपथेचंही. मुलीनंच घातलेली शपथ आईपासून लपवावी असं त्यांना क्षणभर वाटलं होतं. पण खोटं ऐकून या बाईचा एक दिवस गेला होता. आणखी खोटं सांगायची त्यांची छाती झाली नाही.

आई घुमीपुढं येऊन उभी राहिली. बाई पुढं सरसावल्या. हात उचलला तर धरायचा होता.

"मागच्या वेळी," आई म्हणाली, "तुझ्याकडं किल्ली होती ना?"

घुमीनं मान हलवली. हो म्हणताना तिला वर पाहता येईना.

"तिनं ठोकल्यावर किती वेळानं उघडलंस?"

"लगेच, काकू," घुमी म्हणाली. "उघडायचं नाही असं ठरलं होतं. पण लगेच उघडलं."

आई तिच्या शेजारी बसली. तिनं घुमीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरला.

"ती तुला बोलली ना त्यावरून? खूप बोलली?"

"खूप."

"तिच्या वतीनं मी माफी मागते, बाळा," आई म्हणाली.

तेव्हा कुठं घुमीला रडू फुटलं. बाईंनी तोंड फिरवलं आणि फाटकापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. वडिलांची रिक्षा आली, तेव्हाही आईनं तो हात सोडला नव्हता.